अस्सलबरहुकूम नक्कल

(नागपूर येथे मोटारदुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या कारागिरांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस आपल्या ह्या शहराचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले होते. नागपूरकरांना उन्हाळ्याचे नवल नाही. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. तरीही ५६ हा आकडा अनुभवी माणसाला खटकणाराच होता. हवामान खात्याने शहानिशा केली आणि केंद्रातील इलेक्ट्रॉनिक संवेदक बिघडल्यामुळे हा आकडा आला असे जाहीर केले. प्रकरण तेथेच मिटले.

ते मिटले ह्याला तीन कारणे होती. यंत्र तपासण्याचे ज्ञान व अधिकार असलेली माणसे हाताशी होती. ताडून पाहावयास दुसरी यंत्रे होती. आणि जो निष्कर्ष निघाला तो उघडपणे सांगण्यात कुणाचे नुकसान नव्हते. आज ज्या यंत्राविषयी बोलण्यासाठी आपण जमलो आहोत, त्याच्या बाबतीत ह्या तिन्ही गोष्टींची वानवा आहे. ते यंत्र म्हणजे मोटारीच्या डॅशबोर्डवरील मीटर. कंपन्यांच्या पुस्तकात त्याला ‘इन्स्ट्रुमेंट क्लस्टर’ म्हणतात. आपण सारे त्याला मीटर म्हणतो, आणि मीही तोच शब्द वापरणार आहे.

ज्यांनी अ‍ॅम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी दुरुस्त केल्या त्यांना जुने मीटर आठवत असेल. गिअरबॉक्सपासून एक लवचिक केबल निघे. ती फिरली की मीटरमधला चुंबक फिरे आणि त्याच्या ओढीने वेगाचा काटा हले. त्याच केबलवर चालणारी दंतचक्रे आकड्यांच्या चकत्या पुढे सरकवीत. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती पडली, त्या गाडीतही मीटर केबलवरच चालत असे. ह्या मीटरचे एक वैशिष्ट्य होते. त्यात काय बिघडले ते डोळ्यांना दिसे. केबल तुटली, दाता झिजला, चकती अडकली, हे पाहण्यास कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. त्यात लबाडी होत नसे असे मात्र नाही. चकत्या हाताने मागे फिरविणारे तेव्हाही होते.

आजचे मीटर हा एक छोटा संगणकच आहे. त्यात एक मायक्रोकंट्रोलर असतो, विजेचा दाब स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असतो, पडदा असतो. काटा हलविण्यासाठी केबल नसते. त्यासाठी पायरीपायरीने फिरणारी, अंगठ्याच्या पेराएवढी मोटर असते. इंजिन, ब्रेक आणि एअरबॅग ह्यांची नियंत्रणे ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात, त्या ‘कॅन’ पद्धतीच्या जाळ्याला हे मीटर जोडलेले असते. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली जगापुढे मांडली आणि पुढे सर्वच मोटारींनी ती स्वीकारली. ह्या सगळ्यांच्या सोबतीला, अनेक मीटरांत, आठ पायांची एक बारीक चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील नोंद पुसली जात नाही. गाडी किती किलोमीटर धावली हे तिच्यात लिहिलेले असते.

ह्या चिपची क्षमता ऐकून नवल वाटेल. ‘९३सी४६’ ह्या नावाने आपण जी चिप ओळखता, तिच्यात सगळी मिळून १०२४ बिट, म्हणजे १२८ बाइट मावतात. पोस्टकार्डाच्या दोन-चार ओळींएवढी ही जागा. एका जागी सुमारे दहा लाख वेळा लिहून झाले की त्या जागेचा भरवसा राहत नाही. म्हणून आकडा एकाच ठिकाणी न लिहिता आळीपाळीने निरनिराळ्या जागी लिहिण्याची युक्ती केलेली असते. शिवाय तो सरळ अंकांत नसतो, कंपनीने ठरविलेल्या सांकेतिक रूपात असतो. ह्या दोन-चार ओळींएवढ्या मजकुरावर लाखो रुपयांचे व्यवहार होतात, आणि माझ्या मते माणसांचे जीवही अवलंबून असतात.

मीटर का बिघडते हे मी आपणांस सांगावे अशी स्थिती नाही. वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डला हात लावता येत नाही. दिवसा तापणे, रात्री निवणे आणि रस्त्याचे धक्के ह्यांनी सोल्डरच्या टाक्यांना केसासारखे तडे जातात. कपॅसिटर फुगतात. पडद्याला जोडणारी पट्टी सुटते आणि आकड्यांच्या अर्ध्या रेषा नाहीशा होतात. पावसाळ्यात काचेखालून झिरपलेले पाणी तांब्याच्या रेषा खाते. ह्यांतील बहुतेक बिघाड टेबलावर बसून, मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन, थोडक्या सामानात दुरुस्त होतात. एक टाका पुन्हा घातला, एक रेग्युलेटर बदलला, एका काट्याची मोटर बदलली की मीटर पूर्ववत चालते. ह्याउलट ‘मीटर खराब आहे, संपूर्ण बदलावे लागेल’ हे उत्तर सर्वांत सोपे असते. त्याचा भार गाडीमालकावर पडतो, आणि ज्यात एकच टाका सुटलेला होता ते सबंध यंत्र भंगारात जाते.

परंतु सर्वच मीटर दुरुस्त होत नाहीत. पाण्याने बोर्ड कुजला किंवा अपघातात फुटला तर दुसरे मीटर बसवावे लागते. नवे परवडत नाही म्हणून त्याच क्रमांकाचे जुने, मोडीत निघालेल्या गाडीचे मीटर आणले जाते. ते नुसते बसवून भागत नाही. त्या मीटरच्या चिपमध्ये त्या दुसऱ्या गाडीचे किलोमीटर असतात. काही गाड्यांत चासिस क्रमांक, पेट्रोलच्या टाकीचे माप आणि किल्ली ओळखण्याची खूणही तेथेच असते. ती जुळली नाही तर इंजिन सुरू होत नाही. तेव्हा जुन्या मीटरच्या चिपमधला मजकूर वाचून घ्यावयाचा आणि तो जसाच्या तसा दुसऱ्या मीटरच्या चिपमध्ये उतरवावयाचा. ह्यालाच बाजारात ‘क्लोनिंग’ म्हणतात. मी ह्याला नक्कल म्हणतो.

‘नक्कल’ ह्या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत, आणि ह्या व्यवसायाचा सगळा प्रश्न त्या दोन अर्थांत सामावलेला आहे. तहसील कचेरीत आपण जमिनीच्या कागदाची नक्कल मागतो. मूळ कागदात जे असेल तेच तीत असते, एक काना-मात्रा इकडची तिकडे होत नाही. जुन्या दस्तऐवजांत तिला ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ म्हणत. अस्सल जसे, तशीच ही. ती देणारा त्यावर सही करतो, तारीख घालतो, म्हणून ती न्यायालयातही चालते. दुसरी नक्कल म्हणजे सोंग. खऱ्याचा आव आणलेली खोटी वस्तू. चिप वाचणे आणि चिप लिहिणे ही कृती दोन्हींत एकच. उपकरण एकच, हातही एकच. मूळ मजकूर जसाच्या तसा उतरला तर ती पहिल्या अर्थाची नक्कल, आणि मधल्या मधे एक लाख चौतीस हजारांचे चाळीस हजार झाले तर ती दुसऱ्या अर्थाची.

एक लाख चौतीस हजार हा आकडा मी सहज घेतलेला नाही. नागपूर ते मुंबई हा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. एखाद्या भाड्याच्या गाडीने त्यावर महिन्याला चार जाण्या-येण्याच्या फेऱ्या केल्या, तर वर्षाला सुमारे ६७ हजार आणि दोन वर्षांत एक लाख चौतीस हजार किलोमीटर होतात. गाडी दोनच वर्षांची असल्याने रंग चकचकीत, आसने नवीन. मीटरवर चाळीस हजार दाखविले की कुणालाही पटते.

ती गाडी विकत कोण घेतो? ज्याला नवी गाडी परवडते तो घेत नाही. शाळेच्या मुलांची ने-आण करून घर चालविणारा घेतो. गावाकडून भाजी आणणारा, सोने गहाण ठेवून टॅक्सी घेणारा, बापाच्या औषधपाण्यासाठी गाडी हवी म्हणून भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढणारा घेतो. त्याची फसवणूक केवळ किमतीपुरती नसते. अनेक इंजिनांत लाखाच्या आसपास बदलावयाचा टायमिंग बेल्ट असतो. मीटर चाळीस हजार सांगते म्हणून तो निर्धास्त असतो. प्रत्यक्षात त्या बेल्टची मुदत केव्हाच संपलेली असते. तो धावत्या गाडीत तुटला की कित्येक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन जागच्या जागी बंद पडते. महामार्गावर भरधाव वेगात असे झाले तर काय होईल, हे सांगावयास नको. एअरबॅगचा दिवा पेटून राहतो म्हणून त्याची तार दुसऱ्या दिव्याला जोडून देणे हीही ह्याच जातीची लबाडी. दिवा विझतो, पण एअरबॅग दुरुस्त होत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. मोटार कंपन्या म्हणतात, ‘हे असे चालते म्हणूनच आम्ही मीटरला कुलूप घालतो. नकाशे देत नाही, सॉफ्टवेअर देत नाही, नवे मीटर आमच्याच अधिकृत केंद्रात बसेल अशी व्यवस्था करतो. बाहेरच्या मिस्त्रीवर विश्वास कसा ठेवावा?’ हे म्हणणे वरवर रास्त वाटते. पण ते मांडणाऱ्यांचा स्वतःचा इतिहासही पाहिला पाहिजे.

२०११ साली शमशेर कटारिया ह्यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. मोटार कंपन्या आपले मूळ सुटे भाग, दोष शोधण्याची उपकरणे आणि दुरुस्तीची माहितीपुस्तके स्वतंत्र कारागिरांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, असा तिचा आशय होता. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना स्पर्धा कायद्याच्या भंगाबद्दल दोषी ठरवून त्यांच्या उलाढालीच्या दोन टक्क्यांप्रमाणे एकूण २५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्यांनी बौद्धिक संपदेचा बचाव घेतला, ग्राहकाच्या सुरक्षिततेचाही घेतला. आयोगाने तो मान्य केला नाही. सुटे भाग आणि माहिती दडवून ठेवल्याने ग्राहक एका दुकानाला बांधला जातो आणि स्वतंत्र कारागीर बाजारातून हुसकला जातो, हे आयोगाने स्पष्ट केले. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या अपिलात दंडाचे गणित सुट्या भागांच्या उलाढालीपुरते आणून रक्कम कमी केली. पण त्यांचा दोष कायम ठेवला.

म्हणजे कुलूप चोराला अडविण्यासाठी घातले, हे अर्धसत्य आहे. त्या कुलपामागे सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा मोठा व्यापारही सुरक्षित राहतो. आणि चोर तरी अडतो का? मीटर मागे करण्याची उपकरणे पैसे टाकले की मिळतात. ज्याला एका रात्रीत वीस गाड्यांचे आकडे बदलावयाचे आहेत त्याला उपकरणाची किंमत जड नाही. कुलपापाशी अडतो तो बिल देणारा, दुकानावर पाटी लावणारा, एका गाडीचे एक मीटर प्रामाणिकपणे दुरुस्त करू पाहणारा मिस्त्री. त्याला नकाशा मिळत नाही, मूळ भाग मिळत नाही, आणि वर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. झाकून ठेवलेल्या माहितीचा खरा लाभ लबाडाला होतो. कारण आकडा खरा की खोटा हे तपासण्याचे साधनही ग्राहकाच्या किंवा शेजारच्या प्रामाणिक कारागिराच्या हाती राहत नाही.

कायदा ह्या बाबतीत काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे, कारण अज्ञानामुळे आपण नको तेथे भितो आणि नको तेथे निर्ढावतो. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५२ सांगते की, संगणकीय आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे ज्याच्या ताब्यात आहे, त्याने ती ज्या कामासाठी दिली गेली त्याच कामासाठी वापरावी म्हणून, किंवा नाश व नुकसान ह्यांपासून तात्पुरते रक्षण व्हावे म्हणून केलेली प्रत हा हक्कभंग नव्हे. गाडीमालकाच्या सांगण्यावरून, त्याच्याच गाडीसाठी, मीटरच्या स्मृतीची प्रत घेणारा कारागीर चोर नाही, असे म्हणावयास ह्या कलमाचा मोठा आधार आहे. ह्याउलट आकडा कमी करून गाडी विकणे ही सरळ फसवणूक आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ तिला लागू होते. विक्रेत्याने सांगितले म्हणून केले, ही सबब आकडा बदलणाऱ्या हाताला वाचवील असे समजू नये.

जगात इतरत्र काय झाले तेही पाहू. अमेरिकेने १९७२ साली मीटर मागे करणे हा देशव्यापी कायद्याने गुन्हा ठरविला. बेल्जियममध्ये २००६ पासून ‘कार-पास’ ही पद्धत चालू आहे. गाडी तपासणीला किंवा दुरुस्तीला गेली की मीटरचा आकडा एका मध्यवर्ती नोंदवहीत जातो, आणि जुनी गाडी विकताना त्या नोंदींचा दाखला खरेदीदाराला द्यावाच लागतो. दुसरीकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली कायदा करून, अधिकृत विक्रेत्याला मिळणारी दुरुस्तीची माहिती व उपकरणे स्वतंत्र कारागिरालाही वाजवी किमतीत मिळाली पाहिजेत असे ठरविले. युरोपीय संघाने २००७ च्या नियमांत हेच तत्त्व घातले. एका देशाने आकडा उघडा केला, दुसऱ्याने माहिती उघडी केली. मला ह्यातून दिसते ते असे की, लबाडीवरचा उतारा काळोख नसून उजेड आहे.

कुणी विचारील, किल्लीची खूणही मीटरमध्ये असेल तर ती उघडी करून गाडीचोरांचे फावणार नाही काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण त्यालाही उत्तर आहे. अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांची ओळख तपासून त्यांची नोंदणी केली जाते, आणि किल्लीसंबंधीची माहिती कोणी, केव्हा, कोणत्या गाडीसाठी घेतली ह्याची नोंद ठेवून ती दिली जाते. औषधांच्या दुकानात काही औषधे चिठ्ठीवाचून मिळत नाहीत. म्हणून औषधांची दुकानेच बंद करा असे आपण म्हणत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे ह्यांबरोबर मोटारींचाही समावेश आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण कंपनीने आपणहून काय सांगावे आणि काय झाकावे हे कंपनीवरच सोपविले, तर मीटरचा नकाशा त्या संकेतस्थळावर येण्याची वाट पाहण्यात आपले आयुष्य जाईल. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले आणि ते एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विक्रेत्याच्या ताब्यातील गाडी किती फिरली ह्याची नोंद त्याने ठेवावी असे त्यांत आहे. आकड्याची नोंद सक्तीची करता येते, हे सरकारने मान्य केल्याचेच हे लक्षण. मग ती नोंद विक्रेत्याच्या अंगणापुरती का असावी? गाडी धुराच्या तपासणीला जाते, विमा भरला जातो, व्यवसायाच्या गाडीची योग्यता तपासणी होते, मालकी बदलते. ह्या प्रत्येक वेळी मीटरचा आकडा सक्तीने नोंदविला जावा आणि खरेदीदाराला तो पाहता यावा, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे.

दुसरी मागणी अशी की, मीटरचे नकाशे, सुटे भाग आणि मीटर बदलताना खरा आकडा नव्या मीटरमध्ये नेण्याची अधिकृत रीत नोंदणीकृत स्वतंत्र कारागिरांना वाजवी किमतीत मिळावी. तिसरी मागणी शिक्षणाची. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम वेगळा आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा वेगळा. एकाला इंजिन येते, दुसऱ्याला सर्किट. मीटर मात्र दोहोंच्या सीमेवर उभे आहे. म्हणून त्याचे ज्ञान आज उस्तादाच्या मागे बसून, चोरूनमारून, अर्धेमुर्धे मिळवावे लागते. आपल्या श्रद्धानंदपेठेतील शासकीय आयटीआयसारख्या संस्थेत ह्या विषयाचा अल्प मुदतीचा वर्ग निघाला, तर वाडीच्या ट्रान्सपोर्ट वस्तीपासून हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीपर्यंतच्या तरुण मुलांना हे काम पाठीमागच्या दाराने शिकावे लागणार नाही.

परंतु मित्रहो, मागण्या मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. आकडा बदलण्याचे काम मिस्त्रीकडे घेऊन येतो तो बहुधा जुन्या गाड्यांचा दलाल. तो म्हणतो, तू नाही केलेस तर शेजारचा करील. हे तो खरेच बोलतो, आणि म्हणूनच एकट्यादुकट्याचा नकार टिकत नाही. नकार देणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते, घरात त्याला वेडा म्हणतात. आपल्या बापजाद्यांनी गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत हाच धडा घेतला होता. एकट्याने ‘नाही’ म्हटले तर ती आडमुठेपणाची गोष्ट होते. सर्वांनी मिळून म्हटले तर तो व्यवसायाचा नियम होतो. मालकापुढे मजुरीसाठी जी एकी लागते तीच एकी दलालापुढे सचोटीसाठी लागते. एका बाबतीत ती ठेवावयाची आणि दुसरीत सोडावयाची, असे करता येत नाही.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. मीटर उघडण्यापूर्वी त्यावरचा आकडा वाचावा आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. पडदा बंद असेल तर चिपमधून आकडा काढून तो मालकाला दाखवावा. चिपमधला मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात की नाही हे पाहावे, आणि मूळ प्रत जपून ठेवावी. दुसऱ्या मीटरमध्ये लिहून झाल्यावर ते पुन्हा वाचून ताडावे. बिलावर चासिस क्रमांक, जुन्या मीटरचा आकडा, बसविलेल्या मीटरचा आकडा आणि मीटर बदलण्याचे कारण लिहावे, खाली तारीख घालून सही करावी. बिलाची एक प्रत मालकाकडे, दुसरी आपल्याकडे. एअरबॅगचा किंवा ब्रेकचा दिवा झाकण्याचे काम कुणीही, कितीही पैशांसाठी घेऊ नये. आणि आकडा कमी करण्याचे काम नाकारल्यामुळे ज्याचे गिऱ्हाईक गेले असेल, त्याच्याकडे इतरांनी आपल्याकडचे जास्तीचे काम पाठवावे. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्यावाचून बाकीच्या कागदावर राहतील.

ह्याला सरकारच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. छापखान्यात जाऊन बिलपुस्तकात चार रकाने वाढवून घेण्याएवढेच हे काम आहे. उद्या आपण मागणी घेऊन आरटीओच्या किंवा मंत्र्यांच्या दारात उभे राहू तेव्हा ‘ह्यांच्या हाती माहिती कशी द्यावी?’ असा प्रश्न येणारच. त्या वेळी वर्षभराची भरलेली बिलपुस्तके आपण टेबलावर ठेवू शकलो पाहिजेत. त्यांतील प्रत्येक पान हे एका गाडीच्या मीटरची अस्सलबरहुकूम नक्कल असेल, आणि तिच्याखाली ती करणाऱ्याची सही असेल. अशी सही करावयास आपल्यापैकी कोण कोण तयार आहेत, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे आणि बिलाचा नमुना आजच ठरवून घ्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.